सापाची लस चालते की नाही, हे ठरवायचं कसं?

सर्पदंशावरच्या औषधाची कुपी कधी हातात आली, तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचून पाहा. भारतात बनणाऱ्या कुप्यांवर साधारण एकच मजकूर असतो. एक मिलिलिटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचं ०.४५, घोणशीचं ०.६ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतं. कुपी दहा मिलिलिटरची, म्हणजे एका कुपीत घोणशीच्या ६ मिलिग्रॅम विषाचा बंदोबस्त झाला.

आता घोणस एका चाव्यात किती विष सोडते? ब्रह्मदेशात १९८०च्या दशकात हे मोजलं गेलं, तेव्हा सरासरी ६३ मिलिग्रॅम आली. ६३ला ६ने भागा, साडेदहा कुप्या होतात. आपल्याकडच्या उपचारांच्या सूचनांत 'सुरुवातीला आठ ते दहा कुप्या' असं असतं, त्यामागे हा भागाकार आहे. चौथीतल्या मुलाला जमेल इतका सोपा. पण त्यातला एकेक आकडा उचलून 'हा आला कुठून?' असं विचारायला लागलं, की औषधाची परिणामकारकता ठरवणं किती किचकट काम आहे ते कळतं.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. गावाकडे याला 'सापाची लस' म्हणतात, सरकारी दवाखान्यातले लोक 'एएसव्ही' म्हणतात, पुस्तकात 'प्रतिविष' असतं. लस म्हणावी तर ती आपल्या शरीराला लढायला शिकवते. इथे शिकलेला असतो घोडा. त्याला विषाचा अगदी बारीक डोस देतात, मग हळूहळू वाढवत नेतात. काही महिन्यांत त्याच्या रक्तात त्या विषाला धरून ठेवणारी प्रतिपिंडं तयार होतात. घोड्याचं रक्त काढून त्यातला पातळ भाग वेगळा करतात, तो शुद्ध करतात, सुकवून पावडर करतात आणि कुपीत भरतात. महाराष्ट्रात हे काम हाफकिनने वर्षानुवर्षं केलं आहे. परळची संस्था सगळ्यांना माहीत असते, पिंपरीचे घोडे फारसे कुणाला माहीत नसतात.

घोड्याने आयुष्यात फक्त सापाचं विष पाहिलेलं नसतं. तबेल्यातले जंतू, धूळ, धनुर्वात अशा सगळ्यांविरुद्धची प्रतिपिंडंही त्याच्या रक्तात असतात, आणि तीही कुपीत येतात. कुपीतल्या प्रतिपिंडांपैकी विषाला खरोखर चिकटणारी साधारण दहा-वीस टक्केच असतात. बाकीचं घोड्याचं प्रथिन आहे. ते उपयोगाचं नाही, पण रुग्णाच्या अंगावर पित्त उठवायला, थंडी भरवायला, कधी रक्तदाब कोसळवायला पुरेसं आहे. म्हणून परिणामकारकता तपासताना 'विष किती मारलं' याच्या शेजारी 'त्यासाठी किती घोडा टोचावा लागला' हेही पाहावं लागतं.

तर मग ते ०.६ कुठून आलं? उंदरांकडून. अठरा-वीस ग्रॅम वजनाच्या पांढऱ्या उंदरांचे गट करतात. आधी नुसतं विष टोचून, किती विषाने निम्मे उंदीर मरतात ते काढतात. मग त्या मात्रेच्या काही पट विष घेऊन प्रत्येक गटासाठी त्यात कमी-जास्त प्रतिविष मिसळतात, मिश्रण अर्धा तास ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि टोचतात. दुसऱ्या दिवशी मोजायचं, कुठल्या गटातले निम्मे उंदीर वाचले? त्या गटाला जेवढं औषध दिलं, त्यावरून एका मिलिलिटरची ताकद ठरते. शंभराहून अधिक वर्षं मूळ कल्पना हीच आहे आणि ती टाकाऊ नाही. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक खेप मागच्या खेपेइतकी सकस आहे का, हे या पद्धतीने नेमकं कळतं.

पण या प्रयोगातली सवलत लक्षात आली का? विष आणि औषध बाटलीतच अर्धा तास एकमेकांना भेटतं. विष शरीरात शिरण्याआधीच त्याला पकडलेलं असतं. भातखाचरात चावलेल्या बाईच्या बाबतीत विष दीड-दोन तास पुढे निघून गेलेलं असतं आणि औषध मागून धावत असतं. उंदराची परीक्षा पास झालेलं औषध माणसात चालेलच असं नाही. नापास झालेलं मात्र माणसात चालण्याची आशा जवळजवळ नाही. म्हणजे ही चाळणी आहे, तिला प्रमाणपत्र समजू नये. शिवाय उंदीर फक्त दोन गोष्टी सांगतो, जिवंत की मेलेला. फुरशाच्या चाव्याने बोट काळं पडून झडतं, घोणशीच्या चाव्याने मूत्रपिंडं बंद पडतात, नागाच्या चाव्याभोवतीचं मांस सडतं. माणूस जगतो, पण हात किंवा पाय गमावतो. उंदरांच्या मोजणीत याला रकाना नाही.

यापुढचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उंदरांना टोचलेलं ते विष कुठल्या सापाचं होतं?

नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही आपली चौकडी. चौघांविरुद्ध मिळून एकच औषध बनतं. हे शहाणपणाचंही आहे, कारण तालुक्याच्या दवाखान्यात येणाऱ्याने साप ओळखलेला असेल याची खात्री नसते. मात्र या औषधासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग अनेक वर्षं एकाच जागेहून आला आहे, तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून. चेन्नईच्या दक्षिणेला वडनेम्मेली इथे १९७८ साली ती उभी राहिली. सापाच्या कातड्याच्या व्यापारावर बंदी आल्यावर ज्यांचा पोटापाण्याचा धंदा बुडाला, त्याच लोकांनी साप पकडायचे, काही आठवडे ठेवून विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचे, अशी ही व्यवस्था. या समाजातल्या मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. संस्थेच्या कामाबद्दल मला आदरच आहे. अडचण भूगोलाची आहे. घोडा शिकतो तो तमिळनाडूच्या सापाकडून, आणि औषध जातं राजस्थानच्या वाळवंटात, पंजाबच्या शेतात, रत्नागिरीच्या कातळावर.

साप तोच, मग विष वेगळं कसं? विष हे सापाचं शिकारीचं साधन आहे. कुठे बेडूक जास्त, कुठे उंदीर, कुठे सरडे. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या भक्ष्यावर चालेल असं विष टिकत जातं. पिल्लाचं विष आणि मोठ्या सापाचं विष यांतही फरक सापडतो. घोणशीचं विष एका भागात रक्त पातळ करण्यावर जास्त जोर देतं, तर दुसऱ्या भागात त्याच्या घटकांचं प्रमाण बदललेलं असतं. कोकणातल्या आजीला विचाराल तर ती म्हणेल, 'आमच्याकडचं फुरसं वेगळंच.' ती चुकीची असेलच असं नाही.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ साली चौकडीच्या बाहेरच्या सापांवर आपली बाजारातली प्रतिविषं तपासली. पूर्वेकडचा एकचक्री नाग, पट्टेरी मण्यार, सिंध मण्यार, राजस्थानातलं फुरशाचं वेगळं रूप. निकाल काळजीत टाकणारे होते. यांतल्या काहींच्या विषापुढे औषध फारच कमी पडलं. यात औषध 'खराब' नव्हतं. ज्याची ओळखच करून दिली नाही, त्याला घोडा ओळखणार कसा? पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात नाक वर आलेला छोटा चापडा सापडतो. तो चावल्यावर मूत्रपिंडं निकामी झालेले रुग्ण केरळमध्ये नोंदले गेले आहेत, आणि आपल्या चौकडीच्या औषधाचा त्याच्यावर उपयोग होत नाही. तिथे दहा कुप्या देणं म्हणजे नुसता घोडा टोचणं.

हा धडा तसा जुना आहे. आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरने १८९०च्या दशकात नागाच्या विषावर पहिलं प्रतिविष बनवलं आणि ते सगळ्याच सापांवर चालेल असं त्याला वाटत होतं. ऑस्ट्रेलियात आणि ब्राझीलमध्ये लवकरच दिसलं की तसं नाही. तरी शंभर वर्षांनी हीच चूक पुन्हा झाली, आणि त्यात भारताचाही हात होता. घानाच्या एका ग्रामीण भागात आधी वापरात असलेलं महागडं युरोपीय औषध मिळेनासं झालं. त्याच्या जागी भारतात बनलेलं स्वस्त प्रतिविष आलं. सर्पदंशाने दवाखान्यात आलेल्यांचं मरणाचं प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेलं. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. तिथला मुख्य साप आफ्रिकेतलं फुरसं, आपल्या फुरशाचा चुलतभाऊ. नाव सारखं आणि चेहराही सारखा, पण विष निराळं. ज्या घाना देशात औषध बदलण्यापूर्वी तिथल्या सापाच्या विषावर एक साधी उंदीर-चाचणी करता आली असती, तिथे ती चाचणी माणसांवर झाली.

प्रयोगशाळा इथे संपली. आता वॉर्डात येऊ, कारण खरा निकाल तिथे लागतो, आणि तिथे आकडे फसवतातही जास्त.

समजा एखादा दवाखाना म्हणाला, 'आम्ही शंभर सर्पदंशांना लस दिली, सत्त्याण्णव वाचले.' औषध छान आहे? थांबा. गावातला मांत्रिकही शंभरातले नव्वद वाचवतोच. कारण चावणाऱ्या सापांत धामण, कवड्या, तस्कर असे बिनविषारी पुष्कळ असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. त्याला कोरडा दंश म्हणतात. या दोन्ही प्रकारच्या लोकांना काहीच न करता बरं वाटतं. मंत्र टाकला तर श्रेय मंत्राला, लस टोचली तर लसीला. म्हणून मूल्यमापनात पहिली अट अशी, की ज्यांच्या अंगात खरोखर विष भिनल्याच्या खुणा आहेत तेवढेच रुग्ण धरायचे.

साप ओळखणं हा आणखी एक खड्डा. कवड्या मण्यारीसारखा दिसतो. डुरक्या घोणस तर नावातच घोणस घेऊन फिरते. बिनविषारी, आळशी, जाडजूड. केसपेपरवर 'घोणस चावली' असं लिहिलेलं असतं तेव्हा कुठली, हे नातेवाईकाच्या वर्णनावर अवलंबून असतं. हल्ली मोबाइलवर काढलेला फोटो किंवा सोबत आलेला सर्पमित्र यांनी परिस्थिती थोडी सुधारली आहे. (साप मारून पिशवीत घालून आणू नका. मेलेल्या सापाचं डोकंही चावू शकतं.)

मग विष भिनलं हे कळतं कसं? घोणस आणि फुरसं यांच्यासाठी एक कमालीची साधी तपासणी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं, गोठलंच नाही, तर विषाने गोठण्याचं यंत्र बिघडवलं आहे. वीज नको, यंत्र नको. पण नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली, तर निरोगी माणसाचं रक्तही नीट गोठत नाही आणि विनाकारण दहा कुप्या जातात. याच तपासणीवर औषधाचा परिणामही मोजतात. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी पुन्हा नळी. सहाच का? औषध विषाला पकडतं, पण विषाने खाऊन टाकलेले रक्त गोठवणारे घटक परत आणत नाही. ते यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. तासाभराने नळी पाहून 'लस लागू पडली नाही' म्हणत आणखी दहा कुप्या चढवणं म्हणजे यकृताला न दिलेली मुदत औषधावर ढकलणं.

मण्यारीचं प्रकरण याहून अवघड. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जखम दिसत नाही, सूज नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. तिचं विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करतं. एकदा ती झाली की रक्तातलं विष कितीही पकडा, टोकं दुरुस्त व्हायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर माणसाला जगवतो तो व्हेंटिलेटर. व्हेंटिलेटर असलेल्या जिल्हा रुग्णालयात मण्यारीचे रुग्ण वाचतात आणि नसलेल्या ठिकाणी मरतात. कुपी दोन्हीकडे एकाच खेपेतली असू शकते. नुसत्या मृत्यूंवरून औषधाला गुण दिले तर आपण खरं तर यंत्राला गुण देत असतो. नागाचं विष पुढच्या टप्प्यावर अडथळा आणतं, तिथे निओस्टिग्मिनसारखं साधं औषधही मदत करतं. मण्यारीत त्याचा सहसा उपयोग होत नाही.

या सगळ्या गुंत्यातून सुटण्याचा वैद्यकातला राजमार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करणं. एकाला औषध, दुसऱ्याला नाही. सापाच्या बाबतीत हे करता येत नाही, कारण विष भिनलेल्या माणसाला औषध नाकारणं म्हणजे त्याला मारणं. पण आपल्याकडे याच्या अगदी शेजारी एक सुंदर उदाहरण घडलं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर असा प्रयोग केला. विंचूदंशावर प्राझोसिन या गोळीने जीव वाचतो हे त्यांनीच आधी दाखवलं होतं, त्यामुळे कुणालाही उपचाराविना ठेवावं लागणार नव्हतं. सत्तर रुग्ण. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविष. दहा तासांनी पाहिलं, तर प्रतिविष मिळालेल्या पस्तीसांपैकी बत्तीस पूर्ण बरे झाले होते, नुसत्या गोळीवरच्या पस्तीसांपैकी आठ. हे २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. मोठी संस्था, कोट्यवधींचा निधी यातलं काही नव्हतं. प्रश्न नेमका होता, वेळ नोंदलेली होती आणि 'बरं होणं' म्हणजे काय हे आधी ठरवलेलं होतं.

सापाच्या औषधाला 'द्यायचं की नाही' असं विचारता येत नसलं, तरी 'किती द्यायचं', 'या कंपनीचं की त्या', 'रिॲक्शन कशी टाळायची' हे विचारता येतं. श्रीलंकेने ते विचारलं. तिकडे भारतातलंच प्रतिविष जातं. त्यांनी हजाराहून थोड्या अधिक रुग्णांवर पाहणी केली, तेव्हा ७५ टक्क्यांना काही ना काही रिॲक्शन आली, आणि त्यांतल्या बऱ्याच गंभीर होत्या. लस सुरू करण्याआधी ॲड्रेनालिनचा छोटा डोस त्वचेखाली दिला, तर पहिल्या तासातल्या गंभीर रिॲक्शन ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. सवयीने दिली जाणारी हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिनची इंजेक्शनं मात्र काही उपयोगाची ठरली नाहीत. हेही औषधाच्या परिणामकारकतेचंच मूल्यमापन आहे. रिॲक्शनच्या भीतीने प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर कुपी न फोडता रुग्णाला पुढे पाठवतो, तेव्हा त्या कुपीची परिणामकारकता शून्य असते.

जाता जाता आईबापांसाठी एक गोष्ट. मूल लहान म्हणून लस कमी द्या, असं डॉक्टरांना सांगू नका. सापाने मुलालाही तेवढंच विष दिलेलं असतं, डोस विषाप्रमाणे ठरतो.

सहा लाखांहून अधिक मृत्यूंच्या पाहणीतून असा अंदाज निघाला आहे की २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसं सापामुळे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि त्यांतली पुष्कळशी घरीच गेलेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं. केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात आहे. त्याच वर्षी राज्यांना सांगितलं गेलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. मला आराखड्यापेक्षा या नोंदीतून जास्त आशा वाटते. प्रदेशानुसार विष गोळा करून प्रदेशानुसार औषध बनवायला हवं, हे संशोधक कधीचे सांगताहेत. पण कुठल्या जिल्ह्यात कुठल्या सापापुढे औषध कमी पडतं, हे पिंपरीतल्या घोड्याला किंवा बंगळुरूच्या उंदराला माहीत नसतं. ते केसपेपरात असतं. असलं तर.

काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण रुग्णालयात असे जुने केसपेपर चाळायला मिळाले होते. बहुतेकांवर 'सर्पदंश, एएसव्ही दिलं, पुढे पाठवलं' एवढंच. चावल्याची वेळ नाही, पहिली कुपी कधी लावली ते नाही, कुपीचा खेप क्रमांक तर नाहीच. मग एक सापडला, कुण्या नवख्या डॉक्टरच्या हातचा असावा, अक्षर वाचता येत होतं. 'दंश दुपारी २.३०, भात कापताना, उजवा घोटा. साप: घोणस, फोटो पाहिला. ४.१०: नळी, गोठलं नाही. ४.२५: एएसव्ही सुरू, १० कुप्या. ४.४०: अंगावर पित्त, ॲड्रेनालिन दिलं, पुन्हा सुरू. १०.३०: नळी.' आणि पुढे, अधोरेखित करून, 'गोठलं.'